रिकाम्या पाइपावरचा दाब
(शेवगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवत, असे मला सांगण्यात आले. म्हणून विषय निवडायची मोकळीक मिळाली तेव्हा मी मुद्दाम असा विषय घेतला, की ज्यात थोडे गणित आहे आणि ते तुमच्या शेतातून, गल्लीतून जाते. मी नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. पाइप आतून फुटतो कसा आणि बाहेरून चेपतो कसा, या दोन प्रश्नांवर आज बोलणार आहे. पहिला प्रश्न तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून माझा भर दुसऱ्यावर राहील.

शेवगाव तालुका पाइपांवर जगतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्त नाही. पैठणच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली केली, उद्घाटन इंदिरा गांधींनी 1976 साली केले. धरण भरले की पाण्याची पातळी 1522 फुटांवर जाते, साठा 102 टीएमसीच्या घरात पोचतो आणि नाथसागराचा फुगवटा आपल्या तालुक्याच्या शिवारात शिरतो. ताजनापूर, कऱ्हेटाकळी, खानापूर, एरंडगाव या बाजूच्या लोकांच्या जमिनी त्यात गेल्या. पाणी दाराशी आले, पण सखल भागात आले. ते वर उचलल्याशिवाय रानाला मिळत नाही. मुळा उजव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे शेपटाला येते, त्याचा भरवसा शेपटाइतकाच. मग शेतकऱ्यांनी कर्ज काढले, दागिने मोडले आणि फुगवट्यापासून आपल्या विहिरीपर्यंत कित्येक किलोमीटर पाइपलाइनी गाडल्या. शेवगाव आणि पाथर्डी शहरांना व आसपासच्या गावांना प्यायचे पाणी देणारी प्रादेशिक योजनाही याच जलाशयातून पाणी उचलते. ताजनापूर उपसा योजनेचे नाव तर इथल्या दोन पिढ्यांच्या तोंडी आहे.

एवढे पाइप जमिनीत असताना त्यांची निवड आपण कशी करतो? दुकानात जाऊन ‘चार इंची, चार किलो’ म्हणतो, किंवा पैसे असतील तर ‘सहा किलो’. चार किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 4 किलोचा दाब, म्हणजे साधारण 40 मीटर उंचीचे पाणी. पाइप भरलेला असताना फुटू नये, एवढाच हा हिशेब आहे. तो रिकामा होईल तेव्हा काय, हे दुकानात कोणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. आपल्या भागात तर पाइप रिकामा होण्याची वेळ दिवसातून दोनदासुद्धा येते. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्याकडचे बरेचसे पाइप पाण्याने मरत नाहीत, पाणी निघून जाताना मरतात. त्यांची रचना करताना, निवड करताना आणि गाडताना या रिकाम्या अवस्थेचा विचार आधी झाला पाहिजे.

पण क्रमाने जाऊ. आतला दाब आधी.

चार इंची म्हणून आपण घेतो तो पाइप बाहेरून 110 मिलिमीटरचा असतो. चार किलोच्या पाइपाची भिंत जेमतेम अडीच मिलिमीटर. आता हा पाइप मनातल्या मनात लांबीने उभा चिरा आणि त्याचा फक्त एक सेंटीमीटर लांबीचा तुकडा डोळ्यांपुढे घ्या. आतले पाणी दोन्ही अर्धुकांना एकमेकांपासून दूर ढकलते. ढकलण्याची जागा 11 सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर लांब, दाब 4 किलो. म्हणजे 44 किलोचा जोर. तो कोण अडवतो? दोन बाजूंच्या भिंती, प्रत्येकी पाव सेंटीमीटर जाड. दोन्ही मिळून अर्धा चौरस सेंटीमीटर पीव्हीसी. 44 ला अर्ध्याने भागा, 88 किलो प्रति चौरस सेंटीमीटर हा भिंतीतला ताण आला. संपले. पाइपाच्या आतल्या दाबाचे मूळ गणित एवढेच आहे आणि ते पीटर बार्लोच्या नावाने ओळखले जाते. हा बार्लो इंग्लंडमध्ये वुलिचच्या लष्करी विद्यालयात गणिताचा शिक्षक होता.

नव्या पीव्हीसीचा तुकडा यंत्रात ओढला तर तो 88 च्या पाच पट ताणालाही दाद देत नाही. मग एवढी सढळ जाडी का ठेवायची? कारण यंत्रातली परीक्षा मिनिटाभराची असते आणि जमिनीतली पन्नास वर्षांची. प्लॅस्टिक सतत ताणाखाली राहिले की हळूहळू देत जाते. शिवाय भारतीय मानकातला दाबाचा आकडा 27 अंश तापमानाला धरलेला आहे. वैशाखात बांधावर उघडा पडलेला पाइप हाताला चटका देतो. त्या पाइपाच्या अंगावर चार किलो छापलेले असले तरी तो त्या घडीला चार किलोचा राहिलेला नसतो. म्हणून पाइप गाडायचा. तो नांगराला लागू नये हे एक कारण झाले. उन्हापासून वाचवणे हे त्याहून मोठे.

या गणिताची झेप किती आहे ते पाहायचे तर खोपोलीला जावे. टाटांनी 1915 साली तिथे जलविद्युत केंद्र सुरू केले. लोणावळ्याच्या माथ्यावरचे पाणी पोलादी नळांतून सुमारे 1,700 फूट खाली आणले. तळाशी दाब पन्नास किलोच्या वर जातो. शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या उतारावर हे काम उभे राहिले आणि त्याच्या मुळाशी तेच चिरलेल्या पाइपाचे गणित आहे, फक्त पीव्हीसीच्या जागी पोलाद आणि मिलिमीटरचे आकडे मोठे.

आतल्या दाबाच्या बाबतीत जाडी आणि ताकद सरळ हिशेबाने चालतात. जाडी दीडपट केली की ताकद दीडपट. म्हणून चार किलो आणि सहा किलोच्या पाइपांत फरक दीडपटीचा आहे, अशी आपली समजूत होते. बाहेरच्या दाबाला मात्र हा हिशेब लागू होत नाही, आणि खरी मेख तिथे आहे.

बाहेरून पाइपावर काय काय दाबते? वरची माती, मातीवरून जाणारी गाडी, पावसाळ्यात चारीत साठलेले पाणी, आणि हवा. हवेकडे लक्ष जात नाही, कारण ती नेहमीच असते. शेवगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलोला थोडा कमी, साधारण 0.97 किलो भरतो. चार इंची पाइपाच्या एक मीटर लांबीवर वरच्या बाजूने हवा जवळजवळ 1,070 किलोच्या जोराने रेटत असते. टनाहून अधिक! पाइपाच्या आतही हवा असते तोवर हा जोर कळत नाही, आतबाहेर बरोबरी होते. पण आतली हवा आणि पाणी दोन्ही निघून गेले, आत निर्वात पोकळी झाली, तर तो टनाचा भार एकट्या अडीच मिलिमीटरच्या भिंतीवर येतो.

पोस्टकार्डाची एक पट्टी कापून घ्या. दोन्ही टोके धरून ओढा, तुटता तुटत नाही. तीच पट्टी उभी धरून वरून बोटाने दाबा, लगेच वाकते. कागद तोच, जोर कदाचित शंभरावा हिस्सा. आतला दाब पाइपाच्या भिंतीला ओढतो, बाहेरचा दाब तिला दाबतो. आणि दाबलेली पातळ वस्तू तुटण्याआधीच वाकून मोकळी होते.

ही गोष्ट इंजिनिअरांना सहज सुचली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांत बाष्पकाच्या आतून धुराची मोठी नळी जाई. तिच्या बाहेर वाफेचा दाब, आत धूर. बाष्पकाची बाहेरची टाकी टिकायची आणि आतली नळी मात्र चेपून स्फोट व्हायचा. विल्यम फेअरबर्नने नळ्या करवून घेऊन बाहेरून दाब देऊन चेपून पाहिल्या आणि 1858 साली निष्कर्ष छापले. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, नळी जितकी लांब तितकी ती लवकर चेपते, म्हणून मध्येमध्ये कडी बसवून तिला आधार द्यावा. दुसरी, जाडीचा परिणाम सरळ पटीने होत नाही, वर्गाहूनही जास्त वेगाने होतो. पुढे गणितज्ञांनी लांब नळीसाठी सिद्ध केले, की चेपण्याचा दाब जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनावर अवलंबून असतो. गुरुजी असते तर फळ्यावर घन काढून थांबले असते आणि वर्गाकडे पाहिले असते, कारण पुढचे सगळे या घनात आहे.

आता आपला चार इंची पाइप त्या सूत्रात घालू. चार किलोचा पाइप, भिंत अडीच मिलिमीटर: बाहेरून चेपण्याचा दाब येतो सुमारे 0.9 किलो. हवेचा दाब 0.97. म्हणजे पूर्ण निर्वात झाला तर चार किलोचा पाइप, नवाकोरा, अगदी गोल आणि थंड असतानाही, हवेपुढे हरतो. सहा किलोच्या पाइपाची भिंत 3.7 मिलिमीटर धरा. चेपण्याचा दाब येतो सुमारे 3 किलो. जाडी दीडपटीपेक्षा थोडी कमी वाढली आणि बाहेरच्या दाबाची ताकद तिपटीहून जास्त. आतल्या दाबाच्या हिशेबाने तुमची गरज तीन किलोची असेल तर चार किलोचा पाइप पुरेसा वाटतो, आणि एका अर्थी तो बरोबरही आहे. पण त्याच लाइनीत कुठे पोकळी होण्याची शक्यता असेल तर तेवढ्या टप्प्यात सहा किलो घालणे हा उधळेपणा नाही.

आणि हे आकडे अगदी गोल पाइपासाठी आहेत. पाइप आणून महिनाभर एकावर एक रचून उन्हात ठेवले की खालचे थर अंडाकृती होतात. अंडाकृती पाइप गोल पाइपाइतका दाब सोसत नाही. ऊन लागले की पीव्हीसी नरमते, तिथेही ताकद कमी होते. म्हणून पाइप सावलीत, सपाट जागेवर आणि फार उंच न रचता ठेवावेत.

पोकळी होते कुठे? आपल्या शिवारातली एक नेहमीची लाइन घेऊ. मोटार फुगवट्याच्या काठावर. तिथून लाइन चढते, मधल्या माळाच्या टेकाडावरून जाते आणि पलीकडे उतरून विहिरीत पडते. लाइट गेली. मोटार थांबली. टेकाडाच्या पलीकडचे पाणी उताराने विहिरीकडे पळतच राहते. अलीकडचे मागे, फूट व्हॉल्व्हकडे, परतू लागते. टेकाडावर पाण्याचा दोर दोन्हीकडून ओढला जातो आणि तुटतो. तिथे एअर व्हॉल्व्ह असेल तर हवा आत शिरते, काही बिघडत नाही. नसेल तर पोकळी होते आणि हवेचा टनाचा भार त्या जागी बसतो.

पाइप त्यातूनही वाचला तर दुसरे संकट उभे असते. मागे सरकलेले पाणी बंद व्हॉल्व्हवर आपटून परत येते, तुटलेले दोन भाग एकमेकांना भिडतात आणि दाबाची लाट उठते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर निकोलाय झुकोव्स्कीने 1897-98 च्या सुमारास या लाटेचे प्रयोग केले आणि तिचे सूत्र बसवले. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल आणि तो एकदम थांबला, तर पोलादी नळात सुमारे 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब येतो. पीव्हीसी थोडा फुगून लाट मवाळ करतो, तरी 30 ते 40 मीटर, म्हणजे तीन-चार किलो. चार किलोच्या पाइपावर आधीच तीन किलो असताना वर ही लाट आली तर सांधा उडतो. लाइट परत येते तेव्हा ऑटो स्टार्टरने रांगेतल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात, लाइनी अर्धवट हवेने भरलेल्या, आणि पाणी त्या हवेला पुढे रेटत धडका देत जाते. रात्री-अपरात्री येणाऱ्या आणि वारंवार जाणाऱ्या विजेची किंमत शेतकरी झोपेतून मोजतो, ती पाइपांतूनही मोजतो.

अशी एक चेपलेली लाइन उकरताना मी जवळून पाहिली. शेतकऱ्याची तक्रार एवढीच, की विहिरीत पाणी कमी पडते. त्याने मोटार उतरवून रिवाइंडिंग करून घेतली, पंपाचे इंपेलर बदलले, तरी फरक नाही. कुठेही ओल नव्हती, गळती नव्हती, म्हणून पाइपावर कोणाचा संशय जाईना. मोटार नेहमीपेक्षा कमी अँपिअर घेत होती. कमी पाणी आणि कमी अँपिअर ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की पुढे कुठेतरी गळा आवळला गेला आहे असे समजावे. टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर चारी उघडली. पाइपाची वरची बाजू आत बसून खालच्या बाजूला टेकली होती. आडवा छेद घेतला तेव्हा मध्ये फट नव्हती, दोन्ही कडांना बोट जाईल एवढी दोन भोके राहिली होती. त्या दोन भोकांतून जेवढे जाईल तेवढे पाणी विहिरीत पडत होते. करड्या पाइपाच्या दोन्ही कडांवर, जिथे घडी पडली होती तिथे, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली होती; ताणाने पीव्हीसी असे पांढरे पडते. तडा एकही नव्हता. टेकाडावर हवेसाठी उभा केलेला इंची पाइप होता, पण कुंभारीण माशीने त्याच्या तोंडात मातीचे घर बांधले होते आणि ते वाळून दगड झाले होते.

त्या उभ्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली असती तर पाच-दहा रुपयांत काम झाले असते.

जमिनीखालच्या पाइपाला मातीही दाबते आणि मातीच सावरते. अमेरिकेतल्या आयोवात अँसन मार्स्टनने 1913 साली चारीतल्या पाइपावर किती माती पडते याचे सूत्र दिले. शेतातला निचरा करणारे नळ फुटत होते, त्यातून हा अभ्यास निघाला. चारी जितकी रुंद, तितका पाइपावर भार जास्त, हा त्याचा निष्कर्ष आजही आपण मोडतो. जेसीबीचे बकेट रुंद म्हणून चारी रुंद, आणि मग चार इंची पाइपासाठी तीन फुटांची चारी! मार्स्टनचा शिष्य स्पँगलर याने 1941 साली लवचीक पाइपाची बाजू मांडली. सिमेंटचा ह्यूम पाइप स्वतःच्या ताकदीवर भार पेलतो. वालचंद हिराचंदांनी 1926 साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली तेव्हापासून महाराष्ट्राच्या प्रत्येक रस्त्याखाली तो आहे. लवचीक पाइप मात्र वरून दबला की बाजूंना फुगू पाहतो, आणि बाजूची माती त्याला तिथे अडवते. त्याची अर्धी ताकद दुकानातून येते, उरलेली चारीतून.

इथे आपली काळी जमीन आड येते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. भेग पाइपाच्या बाजूने गेली की बाजूचा आधार गेला. ओल्या चिखलातही आधार उरत नाही. म्हणून काळ्या रानात पाइपाच्या खाली, बाजूंना आणि वर वीतभर तरी बारीक मुरूम किंवा वाळू घालून थर धुमसून घ्यावेत, निघालेली काळी ढेकळे थेट पाइपावर लोटू नयेत. बोधेगाव, चापडगावच्या बाजूने हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शेतरस्त्यावरून जातात. रस्ता ओलांडताना पाइप ह्यूम पाइपाच्या आतून न्यावा. ट्रॅक्टरचा भार मग त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पाइप मोठा झाला की हा प्रश्न उग्र होतो. नाथसागराच्या पलीकडच्या काठावर पाहा. छत्रपती संभाजीनगरसाठी पैठणच्या रस्त्याने 2,500 मिलिमीटर व्यासाची वाहिनी टाकण्याचे काम हाती घेतले गेले; माणूस उभा चालत जाईल एवढा तो पाइप. एवढ्या व्यासाच्या पोलादी पाइपाची भिंत समजा 14 मिलिमीटर धरली, तर आतून तो 14 किलोचा दाब निवांत सोसेल, पोलादावर निम्माही ताण येणार नाही. बाहेरून मात्र नुसत्या पोलादाची चेपण्याची मर्यादा 0.8 किलोच्या आसपास येते. आत 14, बाहेर एकही नाही! म्हणून अशा वाहिन्यांवर ठरावीक अंतराने एअर व्हॉल्व्हचे चेंबर बांधतात आणि पोलादाला आतून सिमेंटचा लेप देतात. दुसरे एक संकट मोठ्या पाइपालाच असते. तो रिकामा असताना पावसाने चारी पाण्याने भरली, तर 2,500 मिलिमीटरचा पाइप दर मीटरला जवळजवळ पाच टन पाणी बाजूला सारतो आणि नुसत्या पोलादाचे वजन टनाहून कमी असते. तो तरंगतो. वर पुरेशी माती भरेपर्यंत पावसाळ्यात अशा पाइपाला रात्रीही एकटे सोडू नये.

आपल्या पूर्वजांकडे पोलाद नव्हते आणि पीव्हीसीही नव्हते. खापरी नळ फार थोडा दाब सोसतो. नगरच्या निजामशाहीने कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून शहरात पाणी आणले ते अशा नळांनीच. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहर बांधली. तिच्या वाटेवर मनोरे उभे केले, ज्यांत पाणी वर चढे, हवा सुटे आणि दाब मोडे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जो नळ आला, त्यावर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवेला वाट देणारी तोंडे, ठेवले होते. भिंतीची ताकद वाढवता येत नसेल तर दाबच वाढू द्यायचा नाही आणि पोकळीही होऊ द्यायची नाही, हा त्यांचा मार्ग होता. आजही तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एअर व्हॉल्व्हच्या आकाराचा ठोकताळा दिलेला आहे: नुसती हवा बाहेर सोडायची असेल तर वाहिनीच्या व्यासाचा बारावा हिस्सा, हवा आत घ्यायचीही असेल तर आठवा. आत घेण्यासाठी तोंड मोठे लागते, कारण पोकळी व्हायला वेळ लागत नाही.

आता शहराच्या नळांकडे येतो. शेवगावात पाणी रोज येत नाही, हे मी सांगायला नको. प्रत्येक घरातली पिंपे आणि हौद ते सांगतात. पाणी दिवसाआड येवो किंवा आठवड्याने, गल्लीतली वाहिनी तेवढे दिवस रिकामी असते. पाणी बंद झाले की सखल भागातले नळ चालू राहतात आणि उंचावरच्या भागात पाइपात ओढ निर्माण होते. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावलेली असते. ती वाहिनीतून पाणी ओढते आणि पाणी संपले तरी ओढतच राहते. छोट्या व्यासाचा जाड पाइप चेपत नाही, हे खरे. पण त्याचे सांधे आणि जुन्या जोडण्या आतून बाहेर पाणी अडवायला बनवलेल्या असतात, बाहेरून आत नव्हे. शेजारून गटार वाहत असते. आत ओढ, बाहेर गटार, मध्ये झिजलेले रबर. पुढे काय होते ते इचलकरंजीने 2012 साली काविळीच्या साथीत भोगले. पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणी तिच्या मुळाशी होते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ येते, ते सोडून देण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या गढूळपणाचा अर्थ, वाहिनी रिकामी असताना बाहेरचे काहीतरी आत आले.

चोवीस तास पाणी ही चैनीची मागणी आहे असे अनेकांना वाटते. मला ती पाइपाच्या आरोग्याची मागणी वाटते. सतत भरलेल्या वाहिनीत दाब नेहमी आतून बाहेर असतो, घाण आत शिरत नाही, सांध्यांना रोजचे धक्के बसत नाहीत आणि गळती असेल ती लपत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने 2009 च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू केले. ते गाव महानगर नव्हते, तिथे नदीही जादूची नव्हती. आपल्याकडे जलाशय दाराशी आहे. अडचण पैशाची, विजेची आणि वाटपाची आहे, ती मी हलकी लेखत नाही. पण आठवड्यातून एकदा पाणी देऊन पाणी वाचते, हा समज मात्र सोडायला हवा. लोक साठवतात, उरलेले ओततात, आणि पाइप लवकर जातात.

तोवर काय करता येईल? वाहिनी भरताना सावकाश भरावी, पाण्याचा वेग सेकंदाला फूटभर असावा, पुढचे एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवून हवा पूर्ण जाऊ द्यावी. बंद करतानाही व्हॉल्व्ह हळू फिरवावा. गावातला व्हॉल्व्हमन हे सगळे हाताने करतो, पावसात, रात्री, कमी पगारावर; त्याच्या हाताच्या वेगावर लाखो रुपयांच्या वाहिन्यांचे आयुष्य अवलंबून आहे. त्याला हे का करायचे ते कोणीतरी नीट समजावून द्यावे आणि त्याचा पगार वेळेवर व्हावा.

शेतकऱ्यांना सांगतो: लाइन टाकण्याआधी लेव्हल घ्या. उंचसखलपणा डोळ्यांनी कळत नाही, माळावर तर मुळीच नाही. सर्वांत उंच जागा आणि तिच्या पलीकडचा उतार, तेवढ्या टप्प्यात एक दर्जा वरचा पाइप घाला. सक्शनच्या बाजूला तर चार किलोचा पाइप वापरूच नका, तिथे दिवसभर ओढच असते. पंप आणि पाण्याची पातळी यांत पाच-सहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. फुगवटा उन्हाळ्यात मागे सरकतो तेव्हा पाइप वाढवत न्यायच्या ऐवजी मोटारच खाली उतरवा. ऑटो स्टार्टर ठेवायचाच असेल तर त्याला काही मिनिटांचा उशीर लावून ठेवा, म्हणजे परतणारे पाणी निवांत बसेल.

आणि सरकारी योजनांबाबत एक मागणी. ताजनापूरचे असो की पिण्याच्या पाण्याचे, नवीन कामात कालव्याऐवजी बंद पाइप येत आहेत, ते चांगलेच आहे. बाष्पीभवन वाचते, जमीन वाचते. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत त्या वाहिनीचा उभा छेद, म्हणजे एल-सेक्शनचा नकाशा, मागून घ्या. त्यात रेघ कुठे चढते आणि कुठे उतरते हे शाळेतले पोरही वाचू शकते. प्रत्येक चढाच्या माथ्यावर बोट ठेवून विचारा, इथे एअर व्हॉल्व्ह कुठला, किती मिलिमीटरचा, हवा आत घेणारा आहे का. लाइट गेल्यावरच्या दाबाचा हिशेब केला आहे का, आणि त्या हिशेबात सर्वांत कमी दाब किती आला, हे लेखी मागा. आतल्या दाबाची चाचणी प्रत्येक ठेकेदार करून दाखवतो, तिचे फोटोही काढतो. एअर व्हॉल्व्ह बसले की नाही, हे मात्र चारी बुजायच्या आधी तुम्हालाच जाऊन पाहावे लागेल.